पाडलेला धर्म आणि सोडलेला धर्म

१

बुद्ध की मार्क्स हा वाद आपल्या चळवळीला नवा नाही. १९७२ साली उभी राहिलेली दलित पँथर दोन-अडीच वर्षांत दुभंगली, तेव्हा दुभंगण्याच्या कारणांत हा वाद अग्रभागी होता. नामदेव ढसाळ कम्युनिस्टांच्या आहारी गेले असा आरोप झाला आणि राजा ढाले यांनी धम्माची बाजू लावून धरली. त्यानंतरची पन्नास वर्षे हा वाद शिबिरांतून, परिसंवादांतून, नियतकालिकांतून चालूच आहे. परंतु तो बहुधा ग्रंथांच्या आधाराने चालतो. एका बाजूने मार्क्सची वचने यायची, दुसऱ्या बाजूने बाबासाहेबांची. कम्युनिस्टांच्या हाती राज्यसत्ता आल्यावर श्रद्धावान माणसाचे काय होते, त्याच्या गावातल्या प्रार्थनास्थळाचे काय होते आणि ते पाहत वाढलेल्या त्याच्या मुलांच्या मनाचे काय होते, हा प्रश्न मात्र दोन्ही बाजू टाळतात.

हा प्रश्न घेऊन सोव्हिएत राज्याच्याच एका नागरिकाने काढलेला चित्रपट आहे. दिग्दर्शकाचे नाव तेंगिझ अबुलाद्झे, भाषा जॉर्जियन, नाव ‘मोनानिएबा’, म्हणजे ‘पश्चात्ताप’. कल्याण पूर्वेतील आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर आम्ही अधूनमधून चित्रपट दाखवतो. प्रोजेक्टर कुणाकडून तरी मागून आणायचा, भिंतीवर चादर लावायची आणि मध्येमध्ये थांबवून मी मराठीतून सांगायचे, अशी आमची पद्धत. हा चित्रपट दाखवला तेव्हा महाविद्यालयातली मुले होती, अंबरनाथ-उल्हासनगरकडचे काही शिक्षक होते, गिरणी-कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार होते आणि विहारात नित्य येणाऱ्या स्त्रिया होत्या. चित्रपट संपल्यावर जे प्रश्न विचारले गेले ते मला फार मोलाचे वाटले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नांची, तेथे वेळेअभावी नीट देता न आलेली, उत्तरे होत.

२

प्रथम कथा सांगणे आवश्यक आहे.

वार्लाम अराविद्झे हा एका शहराचा महापौर मरतो. त्याला थाटामाटात पुरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे प्रेत त्याच्या मुलाच्या बागेत झाडाला टेकून उभे असलेले सापडते. पुन्हा पुरतात, पुन्हा ते वर येते. अखेर पहारा बसतो आणि एक स्त्री पकडली जाते. तिचे नाव केतेवान बाराटेली, धंदा केक करून विकण्याचा. न्यायालयात ती सांगते की प्रेत मीच उकरले, पण मी गुन्हेगार नाही. मी जिवंत आहे तोवर या माणसाला मातीत विसावू देणार नाही.

मग तिचे बालपण उलगडते. तिचा बाप सांद्रो हा चित्रकार. शहरात एक प्राचीन चर्च आहे, त्यात विज्ञानाची प्रयोगशाळा थाटलेली आहे आणि यंत्रांच्या हादऱ्यांनी इमारत खचते आहे. सांद्रो दोन वृद्धांना बरोबर घेऊन महापौराकडे जातो आणि हे थांबवा अशी विनंती करतो. महापौर हसतमुख, कलेचा चाहता. तो सांद्रोच्या घरी येतो, गातो, कविता म्हणतो, चित्रांची स्तुती करतो. नंतर सांद्रोला पकडून नेले जाते. त्याचा एक मित्र निष्ठावंत पक्षकार्यकर्ता. तोही पकडला जातो आणि मुंबईपासून लंडनपर्यंत भुयार खोदण्याच्या कटात आपण सामील होतो अशी कबुली त्याच्याकडून वदवली जाते. येथे आमचे प्रेक्षक मोठ्याने हसले. पण कबुलीजबाब कसे तयार होतात हे ज्यांनी पोलीस चौकीत पाहिले आहे ते हसले नाहीत.

यानंतरचे एक दृश्य कल्याणसारख्या रेल्वेच्या गावाला चटकन कळले. दूरच्या जंगलातून लाकडाचे ओंडके रेल्वेने आले आहेत आणि हद्दपार केलेल्या कैद्यांनी त्यांवर आपली नावे कोरली आहेत अशी वार्ता पसरते. बायका-मुले यार्डात धावतात. चिखलात पडलेल्या ओंडक्यांवर एकेक नाव चाचपून पाहतात. केतेवान आणि तिची आई शोधत राहतात; त्यांना नाव सापडत नाही. पुढे चर्च सुरुंगाने उडवले जाते. बाप जातो, मग आईलाही नेतात.

परंतु चित्रपटाचा रोख मृत महापौरावर नाही, त्याच्या वंशावर आहे. त्याचा मुलगा आबेल म्हणतो, तो काळच वेगळा होता, चोहोकडे शत्रू होते, वडिलांनी स्वतःच्या हाताने कुणाला मारले नाही. आबेलचा मुलगा तोर्निके हे ऐकून घेतो आणि आजोबांनीच भेट दिलेल्या बंदुकीने स्वतःला संपवतो. तेव्हा आबेल बापाचे प्रेत स्वतः उकरतो आणि कड्यावरून फेकून देतो. शेवटी पुन्हा केतेवानचे स्वयंपाकघर दिसते. खिडकीपाशी एक म्हातारी येते आणि हा रस्ता चर्चकडे जातो का असे विचारते. हा वार्लामच्या नावाचा रस्ता आहे, तो तिकडे जात नाही, असे उत्तर मिळते. मग असल्या रस्त्याचा उपयोग काय, असे विचारून ती निघून जाते.

अराविद्झे हे आडनाव दिग्दर्शकाने मुद्दाम घडवले आहे. जॉर्जियन भाषेत त्यात ‘कोणीच नाही’ असा अर्थ आहे. महापौराचा चष्मा स्टालिनच्या पोलीसप्रमुख बेरियासारखा, मिशी हिटलरसारखी, काळा सदरा मुसोलिनीसारखा. दिग्दर्शकाला एक माणूस दाखवायचा नव्हता, सत्तेची एक जात दाखवायची होती.

३

पहिला प्रश्न बी.ए.च्या वर्गातील एका मुलाने विचारला. “सर, त्यांचं देऊळ पाडलं म्हणून आपण का रडायचं? काळाराम मंदिराच्या दारात आपल्या माणसांनी मार खाल्ला. ते मंदिर कुणी प्रयोगशाळेला दिलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.”

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो आपल्या इतिहासातून आलेला आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

रशियातील चर्चविषयी सामान्य माणसाच्या मनात राग साचण्यास कारणे होती. १७२१ मध्ये पीटर झारने धर्मप्रमुखाचे पद रद्द करून चर्चला सरकारी खाते करून टाकले. १८६१ पर्यंत शेतकरी जमिनीबरोबर विकला जात होता आणि त्या व्यवस्थेला धर्मपीठावरून आशीर्वाद मिळत होता. जॉर्जियन चर्चचे स्वातंत्र्य तर झारशाहीनेच १८११ मध्ये काढून घेतले. ‘पश्चात्ताप’मध्ये यातले काहीही दिसत नाही. चर्चवर प्रेम करणारी माणसे तेथे चित्रकार आहेत, सुसंस्कृत वृद्ध आहेत. त्या चर्चची जमीन कसणारा कुणी नाही. चित्रपटाची ही उणीव आपण मोकळेपणाने नोंदवली पाहिजे. ज्याला धर्माने कधी उंबऱ्याबाहेर ठेवले नाही, त्याच्या डोळ्यांनी हा चित्रपट पाहतो.

पण त्या मुलाच्या टाळ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. अन्याय करणाऱ्या धर्मस्थानाशी वागण्याचे तीन मार्ग असतात. एक, त्याचे दार उघडायला लावणे. दोन, त्याच्याकडे पाठ फिरवणे. तीन, सत्तेच्या बळावर ते पाडणे. बाबासाहेबांनी पहिला मार्ग २ मार्च १९३० पासून पाच वर्षे नाशिकला चोखाळला. तो सत्याग्रह देवाच्या दर्शनासाठी नव्हता, माणूस म्हणून समान हक्कासाठी होता. ते दार उघडले नाही, तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी दुसरा मार्ग जाहीर केला. तिसरा मार्ग त्यांनी कधीही सुचवला नाही. ते राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, कायदेमंत्री झाले, तेव्हाही नाही.

तिसऱ्या मार्गाचे फळ काय ते मॉस्कोत दिसते. तेथील ख्रिस्त तारणहाराचे भव्य चर्च ५ डिसेंबर १९३१ रोजी सुरुंग लावून उडवले. त्या जागी सोव्हिएतांचा प्रचंड प्रासाद उभा राहायचा होता. तो झाला नाही, पुढे तेथे पोहण्याचा तलाव झाला. सोव्हिएत राज्य कोसळल्यावर त्याच जागी तसेच चर्च पुन्हा बांधले गेले आणि २००० साली त्यात विधिवत प्रार्थना सुरू झाली. जे पाडले ते परत आले. जुन्या पापांचा हिशेब कुणी मागितला नाही, कारण मधल्या काळात ते हुतात्मा झाले होते. सुरुंगाने भिंत पडते. तिच्या आतील उच्चनीचता, भय, अंधश्रद्धा यांना धक्का लागत नाही. उलट त्यांना सहानुभूती मिळते. जुलूम सोसलेल्या धर्माची चिकित्सा करणे पुढच्या पिढीला अवघड होऊन बसते.

४

दुसरा प्रश्न एका वृद्ध कामगाराचा होता. रेयॉनच्या कारखान्यात त्यांचे आयुष्य गेले, उमेदीत त्यांनी लाल बावट्याच्या युनियनचे काम केले, आणि आजही ते प्रथम ‘जयभीम’ आणि मग ‘लाल सलाम’ म्हणतात. ते म्हणाले, “गुरुजी, हा सिनेमा भांडवलदारांनी काढला नाही कशावरून? टिटवाळ्याची परिषद झाली तेव्हा कुणी गणपतीला हात लावला का?”

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. हा चित्रपट १९८४ साली पूर्ण झाला तो सोव्हिएत राज्यातच, जॉर्जियाच्या दूरचित्रवाणीसाठी म्हणून, सरकारी पैशाने. तेथील पक्षाचे प्रमुख शेवर्दनाद्झे यांनी त्याला पाठबळ दिले. तरीही तो अडकून राहिला आणि गोर्बाचेव्ह यांच्या काळात, १९८७ मध्ये, देशभर प्रदर्शित झाला. त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला ज्यूरीचे विशेष पारितोषिक मिळाले. म्हणजे ही कम्युनिस्ट समाजाने स्वतःची केलेली चिकित्सा होय.

दुसरा भाग मात्र महत्त्वाचा आहे, आणि त्या काकांनी तो विचारला याचे मला समाधान वाटले. ७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला, म्हणजे कल्याणहून लोकलने काही मिनिटांवर, महाराष्ट्रातील किसान सभेची पहिली परिषद भरली. तेथे आलेल्या वारली प्रतिनिधींनी आपली व्यथा मांडली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची परिषद झाली. वेठ करणार नाही, रोख मजुरीशिवाय काम करणार नाही, असे त्यांनी तेथे ठरवले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराकडे राबणारा लग्नगडी मोकळा झाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि इतर चार जण ठार झाले. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सारा लढा सांगितला आहे. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

या लढ्यात वारल्यांच्या हिरवा, वाघ्या, नारनदेव या देवांना कुणी हात लावला नाही. लाल बावटा खांद्यावर घेतलेला वारली महालक्ष्मीच्या जत्रेलाही जात होता. या लढ्यामागे राज्यसत्ता नव्हती, माणसांची संमती होती. आणि जिथे संमती मिळवावी लागते तिथे सुरुंग चालत नाही. तेव्हा दोष लाल रंगाचा नाही. माणसाचे मन न वळवता त्याचे जीवन हुकुमाने बदलता येते, अशी खात्री सत्तेने मिळते. तो दोष त्या खात्रीचा आहे.

पण टिटवाळ्याच्या उदाहरणाने आपल्या इकडच्या कम्युनिस्टांची पूर्ण सुटका होत नाही. रशियात त्यांनी धर्मावर सुरुंग लावला. येथे धर्मातून जन्मलेल्या जातीकडे त्यांनी दीर्घकाळ पाहिलेच नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकर खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता, कारण धाग्याला तोंड लावावे लागे. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा लाल बावट्याच्या नेत्यांपाशी त्याचे समाधानकारक उत्तर नव्हते. तरीही ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात दोघे एकत्र उभे राहिले, हेही विसरता कामा नये.

निवडणुकीने आलेल्या कम्युनिस्ट सरकारांचा आपला अनुभव आणखी निराळा आहे. केरळात १९५७ पासून अशी सरकारे येत-जात राहिली, पश्चिम बंगालमध्ये १९७७ ते २०११ सलग एक सरकार होते. देवळे बंद झाली नाहीत, दुर्गापूजा थांबली नाही. २०१७ मध्ये केरळातील डाव्या सरकारच्या काळात देवस्वम मंडळाच्या देवळांसाठी ३६ ब्राह्मणेतर पुजाऱ्यांची निवड झाली, त्यात सहा दलित होते. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ सालच्या भाषणात बाबासाहेबांनी पुरोहितपद वंशपरंपरेने न देता परीक्षा आणि सनद यांवर द्यावे असे सुचवले होते. केरळची ही घटना त्या सूचनेच्या जवळ जाणारी आहे. पण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शबरीमलाचे दार सर्व वयांच्या स्त्रियांना उघडले, तेव्हा रस्त्यावर जो क्षोभ उसळला त्याने हेही सिद्ध केले की निकाल आणि हुकूम मनापर्यंत पोहोचत नाहीत.

५

तिसरा प्रश्न विहाराची झाडलोट करणाऱ्या, वंदनेला कधी न चुकणाऱ्या एका ताईंचा होता. “त्या साहेबानं आपला विहार तरी ठेवला असता का?”

याचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. मंगोलिया हा बौद्ध देश. तेथे १९३७ पासून दोन-तीन वर्षांत जवळजवळ सर्व मठ उद्ध्वस्त झाले आणि हजारो भिक्खूंना गोळ्या घातल्या गेल्या. कंबोडियात एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या काळात पोल पॉटच्या राजवटीने भिक्खूंची चीवरे उतरवली, त्यांना शेतावर जुंपले, विहारांची कोठारे आणि तुरुंग केले. आपला धम्म विवेकनिष्ठ आहे, ईश्वर मानत नाही, समता मानतो, म्हणून त्याला सूट मिळाली नाही. सत्तेला धम्म आणि धर्म यांतला फरक कळला नाही. किंबहुना कळून घेण्याची गरज तिला वाटली नाही.

हा धोका बाबासाहेबांना फार आधी दिसला होता. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना त्यांनी पंचशील कराराची झाडाझडती घेतली. पंचशील हा बौद्ध धम्माचा गाभा आहे. माओचा त्यावर विश्वास असता तर आपल्याच देशातील बौद्धांना त्याने निराळी वागणूक दिली असती, असा त्यांचा मुद्दा होता. आणि २० नोव्हेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणाच्या अवघ्या सोळा दिवस आधी, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते याच विषयावर बोलले.

‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ हा त्यांचा अपूर्ण राहिलेला निबंध ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी त्याचा आशय थोडक्यात सांगतो. मार्क्सचे सारे तत्त्वज्ञान टिकले नाही, पण जो विस्तव उरला आहे तो थोडा असला तरी मोलाचा आहे, असे बाबासाहेब मानतात. जगाची पुनर्रचना करणे हे तत्त्वज्ञानाचे काम आहे. वर्गावर्गांत हितसंबंधांचा झगडा आहे. खाजगी मालमत्तेमुळे एका वर्गाला सत्ता आणि दुसऱ्याला दुःख मिळते. ते दुःख नाहीसे करायचे तर खाजगी मालमत्ता नाहीशी झाली पाहिजे. या चार गोष्टी बुद्धालाही मान्य आहेत असे ते दाखवतात. भिक्खूजवळ तीन चीवरे, कमरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके, एवढ्या आठच वस्तू असाव्यात हा संघाचा नियम. रशियात क्रांती होण्याआधी दोन हजारांहून अधिक वर्षे संघाने हा साम्यवाद आचरला, आणि त्यासाठी कुणाची मान उडवली नाही.

तेव्हा मतभेद ध्येयाचा नाही, साधनांचा आहे. कम्युनिस्टांचे साधन हिंसा आणि कामगारवर्गाची हुकूमशाही. बुद्धाचे साधन माणसाची प्रवृत्ती बदलणे. राज्यसंस्था पुढे आपोआप विरून जाईल असे कम्युनिस्ट म्हणत. बाबासाहेबांनी विचारले, ती विरेल तेव्हा तिच्या जागी काय येणार? बळाचा वापर थांबल्यावर समतेची व्यवस्था कशाच्या आधाराने टिकणार? त्यांचे उत्तर असे की माणसाच्या मनात नीती रुजलेली असेल तरच ती टिकेल, आणि ती रुजवण्याचे काम धम्माचे. १९९१ मध्ये सोव्हिएत राज्य विसर्जित झाले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दिले. बळ गेले, आणि चौऱ्याहत्तर वर्षे ज्यावर पहारा बसवला होता ते सारे उफाळून वर आले. राष्ट्रद्वेष आला, धनलोभ आला आणि चिकित्सा न झालेला जुना धर्मही आला.

बाबासाहेब येथे कोणत्याही धर्माची वकिली करत नाहीत, हे नीट समजून घेतले पाहिजे. धर्म विज्ञानाशी आणि विवेकाशी सुसंगत असावा, त्याने स्वातंत्र्य, समता आणि बंधुता मान्य करावी, त्याने दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये, या कसोट्या त्यांनी १९५० मध्येच मांडल्या होत्या. पहिल्या प्रश्नाच्या मुलाला मी याच कसोट्या देईन. सांद्रोच्या चर्चसाठी रडायचे की नाही हे या कसोट्यांवर ठरव. पण सांद्रोसाठी रडायला कोणतीही कसोटी लागत नाही.

६

आता आपल्याविषयी.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले त्याला जगात फार थोड्या तोडी आहेत. लाखो माणसांनी पिढ्यानपिढ्यांचे देव एका दिवसात सोडले; त्यांच्या मागे पोलीस नव्हते, पुढे बक्षीस नव्हते. उलट सवलती जाण्याची भीती होती, आणि त्या गेल्याही. बौद्धांना अनुसूचित जातींच्या घटनात्मक सवलती १९९० पर्यंत मिळाल्या नाहीत. आमचे गाव मुरबाड तालुक्यातले. आजोबा कल्याणच्या रेल्वे शेडमध्ये होते. त्यांनी दीक्षा घेतल्यावर घरातले देव विहिरीत सोडले. पण खंडोबाचा चांदीचा टाक आजीने तांदळाच्या मडक्यात लपवून ठेवला. आजोबांना ते ठाऊक होते. त्यांनी मडक्यात हात घातला नाही. ते तिला दर पौर्णिमेला वंदनेला नेत राहिले आणि घरी आल्यावर तिच्या शंकांना उत्तरे देत राहिले. वर्ष-दीड वर्षाने आजीने स्वतःच तो टाक सोनाराकडे मोडला आणि वडिलांना शाळेसाठी चपला घेतल्या. वडील ही गोष्ट नेहमी सांगत. पाडलेला धर्म आणि सोडलेला धर्म यांत अंतर केवढे, ते मला मडक्यात न घातलेल्या त्या हातावरून कळते.

हे सांगण्याचे कारण जुने गौरव आळवणे हे नव्हे. त्या दिवशीच्या चर्चेत शेवटी एका तरुण कार्यकर्त्याने एक सूचना मांडली. वस्तीतल्या काही बौद्ध घरांत अलीकडे गणपती बसू लागला आहे. बावीस प्रतिज्ञा घ्यायच्या आणि घरी मखर सजवायचे, हे चालू देता कामा नये. अशा घरच्या लग्नाला आणि मयताला समाजाने जाऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. पुष्कळांनी माना डोलावल्या. मी विरोध केला, आणि तो येथेही नोंदवतो.

गणपती परत का आला याचा आधी विचार करावा लागेल. मोहने-आंबिवलीचा रेयॉनचा कारखाना २००९ मध्ये बंद झाला. ठाण्यापासून अंबरनाथपर्यंत असे कितीतरी भोंगे थांबले. कारखान्याबरोबर युनियन गेली, युनियनबरोबर संध्याकाळच्या बैठका गेल्या, अभ्यासवर्ग गेले. ती जागा मंडळांनी घेतली. दुर्गाडी असो की मलंगगड, येथे गेली कित्येक दशके सत्तेने देव पाडले नाहीत; देव कामाला लावले. बेकार पोराला मंडळात नाव मिळते, टी-शर्ट मिळतो, मिरवणुकीत पुढे चालायला मिळते. आमच्या विहाराला मात्र आठवड्याचे सहा दिवस कुलूप असते. अशा वेळी त्या घरावर बहिष्कार घालणे म्हणजे आपल्या पराभवाचा दंड दुसऱ्याकडून वसूल करणे होय.

आणि बहिष्कार हे हत्यार कुणाचे? गावकीने ते आपल्यावर चालवले. पाणी बंद, दळण बंद, किराणा बंद, हे आपण सोसले आहे. तेच हत्यार विहाराच्या दारातून उगारले तर आपल्यात आणि त्या महापौरात फरक उरणार नाही. त्याच्याकडेही उदात्त कारण होते. विज्ञान, प्रगती, जनतेचे भले. ज्याच्यापाशी फक्त उदात्त कारण असते आणि समोरच्याशी बोलण्याचा धीर नसतो, तो पहारेकरी नेमतो. आपण बोलायला जावे. त्या घरी बसावे, चहा घ्यावा, मूल का हट्ट करते ते विचारावे, विहार रोज संध्याकाळी उघडावा, मुलांना अभ्यासाला जागा द्यावी. हे काम सावकाश चालते. पण सोडलेला धर्म परत यायचा नसेल तर तो एकदाच सोडून भागत नाही. प्रत्येक पिढीला तो स्वतः समजून सोडावा लागतो.

चित्रपटाच्या नावाकडे शेवटी लक्ष वेधतो. पश्चात्ताप ही मनाची क्रिया आहे; ती हुकुमाने होत नाही. रशियात निदान एका दिग्दर्शकाने बापाच्या पिढीचे प्रेत उकरले आणि नातवाच्या तोंडी प्रश्न घातला. आपल्याकडे काळाराम मंदिराचे दार लावून घेणाऱ्यांचे, विणकर खात्याचे दार लावून घेणाऱ्यांचे नातू आज ठाण्यात, डोंबिवलीत सुखाने नांदत आहेत. त्यांना विचारले तर तेही आबेलसारखेच म्हणतात: तो काळच वेगळा होता, आमच्या आजोबांनी स्वतः कुणाला हात लावला नाही. त्यांच्या घरात अजून तोर्निके जन्मलेला दिसत नाही. तो जन्मावा यासाठीही कुणाचे देऊळ पाडून भागणार नाही. प्रेत पुन्हा पुन्हा उकरून दारात उभे करणारी केतेवान हवी. दलित साहित्य आजवर जे करत आले ते याहून निराळे नाही. आणि ते इतक्यात थांबवण्याचे काही कारण मला दिसत नाही.